जर्बेराचा वास

जर्बेराला वास नसतो. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून जर्बेरा हुंगत होता... "वा! काय घमघमाट!"

माझं डोकंच फिरलं. "नाक आहे, की नुसतं शोभेला?"

"गिऱ्हाइकाशी नीट बोल गं!" मावशी आतून ओरडली. दुकान तिचं, जीभ माझी.

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "शोभेलाच. आजारपणात वास गेला. आईला सांगितलं नाही, ती धास्ती घेते. डॉक्टर म्हणाले, वासाची फुलं रोज हुंगा... येईल कदाचित."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निशिगंध घेतला, देठं तिरकी छाटली, पाण्यात बुडणारी पानं काढली. "पाणी रोज बदल. पिकल्या केळ्यांशेजारी ठेवू नकोस, फुलं लवकर मान टाकतात. वास संध्याकाळी जास्त येतो."

"कसा असतो?"

आली का पंचाईत! इतकी वर्षं फुलांत काढली, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. "म्हणजे... उन्हातून आल्यावर गार फरशीवर पाय ठेवतो ना — तसा."

तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग येतच राहिला.

"लिली?"

"नवे कपडे घालून मोठ्याने हसणारी काकू."

"आणि गुलाब?"

"लाजल्यासारखं करतो, पण आहे आगाऊ."

"तुझ्यासारखा?"

"मी कुठे लाजते?" — पण कान तापलेच.

तो गेला की मी एकेक फूल हुंगत बसायची, उद्यासाठी शब्द शोधत. आणि मनात एक वाईट विचार यायचा... याचं नाक बरं झालं, तर हा कशाला येईल?

सुट्टीनंतर दुकान उघडलं, तर कोपऱ्यात एक बादली तशीच राहिलेली. देठं कुजलेली, पाणी सडलेलं. मी नाक दाबणार, तेवढ्यात दारातूनच तो —

"ईऽऽ! काय मेलंय इथे?"

मी बघतच राहिले. त्याने नाकावरचा हात गुपचूप खाली घेतला.

"कधीपासून?"

"...झाले बरेच दिवस."

"आणि मी येड्यासारखी काकू नि फरशी सांगतेय!"

"निशिगंधाचा खरा वास आला ना, तेव्हा वाटलं... तू सांगतेस तो जास्त चांगला आहे. आणि बरा झालो म्हटलं असतं, तर इथे यायचं कशासाठी?"

राग येत होता की रडू, मलाच कळेना. बादली उचलून त्याच्या हातात कोंबली. "मागे मोरी आहे. ओत, घासून आण. आणि उद्यापासून..."

"उद्यापासून काय?"

"उगीचच ये."