अकराव्या मजल्यावरचं कुलूप

शारजातल्या अल नहदाच्या त्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर, जेवणं उरकल्यावर रोनित आणि केया ही भावंडं शेजारच्या केनेथ अंकलना मोबाईलवर आपला प्लॅन दाखवत होती. चार दिवसांत चीन. दिवसा शीआन शहराचा जुना तट, त्याच रात्री हुआशान डोंगर, पहाटे शिखरावरून सूर्योदय.

"एकाच दिवसात दोन्ही?" केनेथ अंकलनी चष्मा काढून ठेवला. "बाल्कनीचं दार लाव, केया. आपल्याच बिल्डिंगमधली गोष्ट आहे. माझ्या ऑफिसातल्या बेसिलची. कायमचा वसईला निघाला, त्याच्या आदल्या रात्री सांगितलं त्यानं."

गेल्या वर्षीचा चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे दहा चाळीस. बेसिल खाली लॉबीत उभा होता, पाठीवर थोरल्या भावाची, लेस्टरची सॅक. काम साधं होतं. सतराव्या मजल्यावर नोरावहिनीला सॅक द्यायची आणि निघायचं. चीनहून लेस्टरची शवपेटी आधी आली होती. सॅक मागून आली.

लिफ्ट बंद. वॉचमन शाहबाज म्हणाला, "भाईसाब, सुबह बनेगा, इन्शाल्ला."

बेसिल जिना चढू लागला. चढताना आठवणारच.

लेस्टरला फक्त शहर बघायचं होतं. शीआनच्या तटावर भाड्याची सायकल घेऊन तो पन्नाशीचा माणूस पोरासारखा घंटी वाजवत फिरला. "बस झालं रे, गुडघा बोलायला लागला," म्हणाला. पण बेसिलला मिरवायचं होतं. तिथली माणसं रात्रभर टॉर्च घेऊन हुआशान चढतात आणि पहाटे पूर्वेच्या शिखरावर उभी राहतात. तो फोटो त्याला हवा होता. "दादा, म्हातारा झालास काय?" एवढ्या एका टोमण्यावर भाऊ उठला. टोमणा मारायला अक्कल लागते थोडीच!

डोंगरावर साखळ्यांना हजारो कुलपं लटकलेली. नावं कोरून घ्यायची, लाल रिबन बांधायची, कुलूप लावायचं आणि किल्ली दरीत फेकायची. मग त्या माणसांची ताटातूट होत नाही, अशी तिथली श्रद्धा. या दोघांनीही लावलं. बेसिल, लेस्टर. फोटो काढून नोराला पाठवला. किल्ली लेस्टरनं स्वतःच्या हातानं फेकली.

पुढं तासाभरानं तो पायरीवर बसला. मध्यरात्र उलटलेली. वारा असा की हाडं गोठावीत.

"थांब इथंच," बेसिल म्हणाला. "येतो."

आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत ना. अशुभ. 'येतो' म्हणायचं. बेसिलनं सूर्योदय बघितला, फोटो काढले आणि दुसऱ्या बाजूच्या रोपवेनं खाली उतरला. दादा केव्हाच उतरला असेल, असं धरून चालला.

लेस्टर उतरला नव्हता. भावानं थांब म्हटलं होतं. दुपारी सापडला. त्याच पायरीवर, बसलेला.

आणि नोराला बेसिलनं काय सांगितलं? "दादाच म्हणाला, तू जा पुढं, मी खाली उतरतो."

सहावा मजला. सातवा. या जिन्यातले दिवे माणूस आला की लागतात, गेला की विझतात. नवव्यावर बेसिलच्या लक्षात आलं...

मागचे दिवे विझत नव्हते.

टक्. मग पाय ओढल्याचा आवाज. टक्. गुडघा.

दहावा. त्याच्या तोंडातून वाफ निघाली. शारजात.

अकरावा.

मागं कुणीतरी पायरीवर बसलं. दमून. मग अगदी हळू...

"थांबू?"

बेसिल वळला नाही. ओरडावं, माफी मागावी, काहीतरी... पण जिभेला एकच सवय.

"थांब," तो म्हणाला. "येतो."

आणि पळाला.

नोरानं दार उघडलं. "अगं बाई, भाऊजी, केवढे गार पडलात!" तिनं सॅक छातीशी धरली. मग विचारलं, "खरं सांगा. शेवटी काय म्हणाला तो?"

"तू जा म्हणाला. मी उतरतो म्हणाला."

खाली जिन्यात कुठंतरी टक् झालं.

एकट्यानं उतरायची त्याची छाती होईना. "वहिनी, जरा खाली येता?" नोरा मोबाईलचा टॉर्च लावून पुढं झाली. पंधरा. तेरा. अकरा.

कुणी नव्हतं.

रेलिंगला कुलूप होतं. बंद. लाल रिबन. दोन नावं.

नोरानं वाचलं. पुन्हा वाचलं. "हे तर फोटोतलं... भाऊजी, तुम्ही त्याला काय सांगितलं होतंत?"

"थांब म्हणालो. येतो म्हणालो."

नोरा रडली नाही. "जा," म्हणाली. "आणि येतो म्हणू नका."

केनेथ अंकलनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"अंकल, यू मेड दॅट अप," केया म्हणाली.

"दोन मजले तर आहेत. बघून ये. मेंटेनन्सवाल्याचं कटर तुटलं त्यावर. शेवटी पेंटरनं तेवढी जागा सोडून रेलिंग रंगवलं."

भावंडं गेली. अकराव्यावर दिवा लागला. कुलूप होतं. केयानं रिबनला बोट लावलं.

सप्टेंबरची रात्र. जिन्यात एसी नाही, रोनितचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

रिबन ओली होती. बर्फ वितळत असावा तशी.