चार डोंगर, एक भेकर

“पेटी मी धरते!” अनुजानं हात पुढं केला, पण रुचिताताईंनी बाटल्यांची पेटी दिली तेजस्वीकडं. पुन्हा!

दिवाळीच्या सुट्टीत अनुजा हुपरीहून राधानगरीच्या जंगलाजवळ मामाच्या गावी आली होती. तेजस्वी तिची मामेबहीण. हरणांचा अभ्यास करणाऱ्या रुचिताताईही मामांकडंच उतरल्या होत्या. चार डोंगरांवरच्या भेकरांच्या लेंड्या तपासून त्यांना शोधायचं होतं, की ही हरणं वेगवेगळ्या कुळांतली आहेत की एकमेकांच्या नात्यातलीच.

“सगळी नात्यातलीच निघाली तर पिल्लं अशक्त होतात. एखादी साथ आली की सगळी साफ!” ताई म्हणायच्या.

लेंड्या गोळा करून आणायचं काम जीपवाल्या विजयसिंहकाकांचं. ते आले की बाटल्या घ्यायला तेजस्वी हजर! “किती गुणाची पोर!” जो तो म्हणायचा. अनुजाचा नुसता जळफळाट व्हायचा. हिच्या हातून एक तरी बाटली फुटावी म्हणून ती टक लावून बघत बसायची. तसं बघताना तिला काकांचे बूट दिसले. कोरडे ठणठणीत!

“तेजे, चौथ्या डोंगराला चालत जाताना ओढा लागतो न्हवं?”

“व्हय की! गुडघाभर पाणी हाय.”

“मग काकांचं बूट कोरडं कसं?”

दोघी जीपच्या चाकोरीवरून धावत सुटल्या. पहिल्याच वळणावर, बांबूच्या बेटाशी चाकोरी संपली. तिथं बुटांचे ठसे आणि लेंड्यांचा ढीग!

“आपलं कोण ऐकतंय? पुरावा पायजे,” तेजस्वी म्हणाली आणि देवघरातला जोतिबाचा गुलाल आणून तिनं ढिगावर भुरभुरला. हे आपल्याला का सुचलं नाही? अनुजाला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता भरून आणलेल्या बाटल्या काकांनी ऐटीत दिव्याखाली मांडल्या. “चार डोंगर पालथे घातले बघा!”

चारही बाटल्यांतल्या लेंड्या गुलाबी!

“काका, चारी डोंगरांवर जोतिबाची यात्रा भरलीया काय?” अनुजानं विचारलं आणि बांबूच्या बेटाजवळच्या गुलाल टाकलेल्या ढिगाबद्दल सांगून टाकलं.

रुचिताताईंनी चारही बाटल्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. “म्हणजे चार डोंगरांच्या नावावर एकच भेकर! इथली सगळी हरणं एकाच रक्ताची, असं लिहून बसले असते मी!”

मामांनी अनुजाची पाठ थोपटली. “शाब्बास! गुलालाची युक्ती तुझीच न्हवं?”

अनुजाच्या ओठांवर ‘व्हय’ आलं होतं. तेजस्वी बाटल्या पेटीत भरत होती.

“न्हाय,” अनुजा कशीबशी म्हणाली, “हिची.”

झालं! मामांचा हात लगेच तेजस्वीच्या पाठीवर. अनुजाला रडूच फुटायला आलं.

“पण बूट हिनंच बघितलं!” तेजस्वी म्हणाली.

“वा! मग उद्यापासून चारी डोंगर दोघींनी माझ्याबरोबर चढायचे,” रुचिताताई म्हणाल्या.

“दोघी कशाला?” अनुजा फणकारली. “तेजी लगेच दमती. मी एकटी बास की!”

सगळे खो खो हसले, आणि सर्वांत जोरात तेजस्वी.