बुजवलेल्या विहिरीचा श्वास

शेगडीतले निखारे राखेखाली गेले तेव्हा गेन्पेई आजोबांनी तोंड उघडलं. "माझ्या मित्राच्या पुतण्याची गोष्ट. कोहेईची. घडलेली."

"म्हाताऱ्यांच्या सगळ्याच घडलेल्या असतात," नात सायो पुटपुटली.

"गप गं. ऐक."

कोहेईनं कॉलेज सोडलं होतं. त्याला कापड रंगवायचं होतं, निळीत. तोकुशिमाच्या डोंगरात एक जुनं लाकडी घर विकायला निघालं, मागे रंगशाळा, जमिनीत पुरलेले रांजण. असं घर पुन्हा मिळणार नव्हतं. सह्या करण्याआधी एक मुक्काम करून बघू, म्हणून तो बायकोला, मिओला, घेऊन गेला. फेब्रुवारीची दोन तारीख. दाणे उधळून भुतं हाकलतात, त्याची आदली रात्र.

किल्ली द्यायला मालक ओनिशीकाका आले. रंगशाळेत मधोमध ताज्या सिमेंटचा गोल होता.

"इथं विहीर होती?"

"बुजवली."

"आणि नळी?"

विहीर बुजवताना बांबूची नळी उभी ठेवतात. आतल्या देवाला श्वास घेता यावा म्हणून. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"कापली. गिऱ्हाईक बिचकतं तिला बघून. शिकलेला ना रे तू?"

"अर्धवट, काका."

"मग घाबर अर्धवटच!" म्हातारा खिदळत निघून गेला.

मिओला लगेच झोप लागली. कोहेई जागाच होता. वारा पडलेला. मग रंगशाळेतून आवाज आला. तोंड दाबलेल्या माणसानं श्वास ओढावा तसा.

थांबला.

त्यानं मिओकडे पाहिलं. तिची छाती हलत नव्हती.

तिकडे श्वास ओढला गेला... इकडे छाती वर आली. तिकडचा थांबला...

"मिओ?"

ओठ निळे पडत होते. त्यानं गदागदा हलवलं. काही नाही.

तो रंगशाळेत धावला. कोपऱ्यातली पहार उचलली. घाव घातला. परत. परत. सिमेंट तडकलं. भेगेला तोंड लावून तो ओरडला, "घे! घे ना श्वास!"

शांतता...

मग आतून लांब, गार, ओला सुस्कारा आला. पलीकडच्या खोलीत मिओ खोकली.

उजाडायच्या आत दोघं निघाले. घराचं स्वप्न तिथंच राहिलं. ओनिशीनं भेग लिंपली आणि घर परत विकायला काढलं.

"पण मिओ वाचली ना?" सायोचा आवाज बारीक झाला होता.

"वाचली की. परवा पहाटे देवळापाशी भेटली, बर्फात. छान हसली, बोलली. आमच्या सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती..."

आजोबांनी चिमट्यानं राख उकरली.

"तिच्या तोंडातून नाही."