बोलक्या पुस्तकाचा इतिहास संपतो तेव्हा

"हे पुस्तक रिकामं आहे का?"

समोर गुरांचा डॉक्टर उभा होता, बाहीवर गवताची काडी. पुस्तक म्हणजे वाचनालयातली सहायिका. दर रविवारी तिथे 'बोलकं पुस्तक' असायचं: एकाने खुर्चीत बसून आपली गोष्ट सांगायची, वाचकाने अर्धा तास ऐकायची. आजच्या पुस्तकाला, म्हणजे निवृत्त कप्तानांना, सर्दी झाली होती. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तू बस. वाचनालयाचा इतिहास सांग. तसंही कोणी येणार नाही."

आणि हा आला.

तिने सगळं सांगितलं. न्हाव्याच्या दुकानामागची खोली, एकुलतं एक कपाट, पुरानंतर दोरीवर वाळत घातलेल्या कादंबऱ्या. तो ऐकत होता... की नुसता बघत होता? पुढच्या रविवारीही तिचीच गोष्ट ऐकायला आला. त्याच्या पुढच्याही. इतिहासावर इतकं प्रेम कोणाचं असतं, हे तिला कळेना. आणि दुसरं काही असेल असं मानायचा धीर होईना.

पंचाईत अशी, की वाचनालय जुनं असलं तरी त्यात घडलं फारच थोडं होतं. बालविभागाच्या उद्घाटनाशी इतिहास संपला. मग तिने आपल्या मनानेच गोष्टीत संस्थापकांना प्रेमात पाडलं. रोज कादंबरी बदलायला येणारी एक सभासद, दोन कपाटांमधल्या फटीतून नजरानजर...

त्यानंतरच्या रविवारी डॉक्टर पडेल चेहऱ्याने आला. "आजीने आजोबांशी अबोला धरलाय."

"अगं बाई! का?"

"तुमचे संस्थापक माझे आजोबा. मी ती गोष्ट जेवताना सांगून बसलो."

भिंतीवरच्या जुन्या फोटोतले संस्थापक अजून हयात असू शकतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "म्हणजे हा इतिहास तुम्हाला—"

"लहानपणापासून पाठ आहे."

"मग दर रविवारी यायचात कशाला?"

त्याचे कान लाल झाले. "ते... आधी आजीचं बघू या ना! आजोबा शपथा घेऊन थकले. तुम्ही घरी चला, गोष्ट रचलेली होती म्हणून सांगा."

"आणि का रचली, असं विचारलं तर?"

"का रचलीत?"

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "इतिहास संपला होता. तुम्ही... यायचं थांबला असतात."



"हे आजीला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "ती लगेच लग्नाची तारीख काढेल."

तिने खुर्ची मागे सारली. "चला. आधी तेच सांगू."