काजळी रडत न्हाई

पयल्यांदा बघितलं तवा पंकज माझ्या म्हशीम्होरं उकिडवा बसून ढसाढसा रडत हुता.

मी वैरनीचा भारा घेऊन घाटावर आले. कोल्हारच्या नदीकाठाला शूटिंगची गर्दी, छत्र्या, वायरी... आन चिंचेखाली आमची काजळी निवांत रवंथ करतीय. तिच्या डोळ्यापाशी ह्या पोराच्या हातात चिरलेला कांदा. डोळं लाल, नाक गळतंय. त्याचं! काजळीचं न्हाई.

भारा टाकला आन त्याच्या हातावर चापट हानली. कांदा गेला नदीत.

"म्हशीला हात लावायचा न्हाई!"

"लावलाच नाही! नुसता धरला होता... सर म्हणाले, शॉटमधे म्हैस रडली पाहिजे."

"मंग रडतोय कोन? तू का म्हैस?"

त्यानं बाहीनं डोळं पुसलं. बाहीला बी कांदा. आनखीनच रडाया लागला. राग आल्ता मला, खरंच आल्ता, पन हसू फुटलं... एवढ्या लांब पापन्या पोराला कशाला देतो देव?

बादलीतलं पानी त्याच्या वंजळीत ओतलं. "डोळं धू. आन नाव सांग, तक्रार करायचीय."

"पंकज. केडगावचा. असिस्टंट डायरेक्टर... तिसरा."

"मी धनश्री. म्हैस माझी. आन इथं मी पयली."

पिच्चर एका पुस्तकावरनं निघत हुता. म्हनून तर मी आप्पांच्या मागं लागले, काजळीला द्या म्हनून. दहावीत मास्तरशी भांडून शाळा सोडली त्याला आता तीन वर्सं झाली, पन हे पुस्तक मी सात येळा वाचलंय. त्यातली पोरगी बापाशी भांडून शिकाया जाते. तिची म्हैस मागं रडत न्हाई, काय न्हाई. फकस्त पान्हा चोरते. चार दिवस कुनाला धार काढू देत न्हाई. पाचव्या दिवशी तो आडमुठा बाप पोरीची ओढनी डोक्यावरनं घेतो आन म्हशीखाली बसतो. म्हशीला पोरीचा वास येतो... पान्हा सुटतो. बाप मान खाली घालून धार काढत ऱ्हातो. तेवढंच पान हाय.

आमच्यात असं करत्यातच की! आय मामाकडं गेली की आप्पा तिचं लुगडं अंगाभवती घेऊन बसत्यात. कोन हसत न्हाई.

"ते ओढनीचं पान कवा घेनार?" मी इचारलं.

पंकज पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत बसला. "नाही घेणार. बापाचं काम करणारा हिरो म्हणतो, मी ओढणी घेणार नाही. मग सरांनी म्हैस रडवायचं ठरवलं. आणि शेवटी ती... बोलते."

"कोन?"

"म्हैस. लहान मुलांना आवडतं म्हणून. आवाज नंतर भरणार."

मी काजळीचं दोन्ही कान हातानं झाकलं.

"पहिल्यांदा ओढणीचा सीन मीच लिहिला होता," तो हळूच म्हनला. "ते पान वाचून मी पण..."

"रडलास?"

"हो. तेव्हा कांदा नव्हता."

काळजात कायतरी हाललं माझ्या. पन मी कुठं दाखवतीय!

"मंग सरांना बोलला का न्हाईस?"

"तिसरा असिस्टंट बोलत नाही."

"तर तिसऱ्या असिस्टंटनं माझ्यासंगं बी बोलू नये."

काजळीचा दोर सोडला आन निघाले. तेवढ्यात डायरेक्टर सुनील सर आडवे आले. डोक्याला टोपी, हातात भोंगा.

"ए पोरी, म्हैस कुठं चालली? शॉट लावलाय."

"ती रडनार न्हाई. ओढनीचं पान घ्या, न्हाईतर ती चालली घरी."

सगळे हसले. सर बी हसले. "बाळ, पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा."

"मंग करा की येगळा! गाव बदला, नदी बदला, बापाची मिशी काढा, मी कशाला अडवू? पन ज्या पानासाठी पुस्तक घेतलं तेच पान फाडलं तर उरलं काय? आन म्हैस मानसावानी रडनार, मानसावानी बोलनार... मंग मानूसच घ्या की! पोरांना म्हैस आवडते ती म्हैस हाय म्हनून. ती काय बोलत न्हाई, तरी कळतं, म्हनून."

"पुरुषाच्या डोक्यावर ओढणी आली की थिएटर हसेल. विषय संपला."

"नाही हसणार, सर."

मागनं आवाज आला. पंकज! तो सरळ माझ्याकडं आला आन हात पुढं केला.

"ओढणी दे."

शिट्ट्या वाजल्या. एवढ्या लोकांत... मी ओढनी काढली आन दिली. कान तापलं माझं.

"तिची धार रोज मीच काढते, आज तर ती बी ऱ्हायलीय. लाथ मारल ती," मी म्हनलं.

"मारू दे. मामाच्या गोठ्यात खाल्ल्यात."

ओढनी डोक्यावरनं घेऊन, बादली गुडघ्यात धरून तो बसला. काजळीनं पयलीच लाथ अशी घातली की बादली घरंगळत गेली. खी-खी-खी सगळीकडं. तो उठला, बादली आनली, परत बसला. मला हाक मारावी वाटत हुती, माझ्या एका हाकंवर ती गप उभी ऱ्हाते... पन मी जीभ चावली. हे त्याचं त्यानंच करायचं हुतं.

काजळीनं मान वळवली. ओढनीला नाक लावलं. हुंगलं... लई येळ हुंगलं.

आन मंग बादलीत धार वाजली.

कोन हसलं न्हाई. लाईटवाल्यानं च्याचा कप खाली ठिवला. एक मेकअपवाली ताई तोंडाला रुमाल लावून उभी.

सरांनी बी भोंगा खाली घेतला. मंग त्यांनी घड्याळ बघितलं. "चांगलंय. पण हिरो घालणार नाही. ग्लिसरीन आणा रे."

पंकज उठला. बादली माझ्या हातात दिली. "मग म्हैस जाईल, सर. आणि मी पण."

असं म्हनून तो खरंच चालाया लागला की! पिशवी बी घेतली न्हाई, परत पळत जाऊन आनावी लागली. काजळी म्होरं, आमी दोघं मागं. बाजारातनं चाललो. त्याच्या गळ्यात अजून माझी ओढनी.

"काम गेलं तुझं," मी म्हनलं.

"गेलं." थोडं थांबून म्हनला, "मी काढीन तो पिच्चर. मोबाईलवर का होईना. म्हैस देशील?"

"फकस्त म्हैसच पायजे?"

तो उभाच ऱ्हायला. कान लालभडक. आत्ता तर कांदा बी नव्हता.

"नाही... तू पण. म्हणजे... आधी तू. कांदा नदीत गेला तेव्हापासून तूच. म्हैस नंतर."

भाजीवाली रंगुबाई पार रस्त्यात आली. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी वरडली, "धने! कोन गं ह्यो, तुझी ओढनी घालून?"

मी पंकजचा हात धरला. भर बाजारात, धा वाजता, उन्हात.

"माझा हाय, मावशे!"

"अगं बया! आप्पांना सांगू का?"

"तू कशाला तरास घेती? मीच चाललेय सांगाया!"