सारणाशिवायची पुपुसा

ओलोकुइल्ता गावातल्या दवाखान्याच्या जिन्यात नोएमीच्या हातून पिठाचं पातेलं निसटलं आणि खालून येणाऱ्या एका मेकॅनिकने ते छातीशी झेललं. त्याच्या डाव्या हाताला पट्टी होती, उजवा ऑईलने माखलेला.

"डॉक्टरांना जेवायला घालताय की काय?"

"उपचारातला सराव आहे माझा! मळक्या हातांनी धरू नका ते."

"मग सोडू?"

"…नको."

त्याचं नाव विल्फ्रेदो. दर मंगळवारी तोही भाजलेल्या हाताच्या व्यायामाला यायचा, आणि व्यायाम संपला की दवाखान्याच्या स्वयंपाकघरात हजर! बस उलटून डोक्याला मार बसला त्या अपघातापासून नोएमीचा उजवा हात मंद झाला होता. त्याहून वाईट म्हणजे कामाचा क्रमच डोक्यातून निसटायचा. पुपुसाची जाड भाकरी छान थापायची, पण आत राजमा नि चीज भरायचंच राहून जायचं. सात वर्षं चेपामावशीच्या पुपुसाच्या गाड्यावर तवा सांभाळलेली मुलगी, आणि ही गत! शुक्रवारी उपचार करणाऱ्या ओदिलियाबाई तिला गाड्यावर एकटीने काम करताना बघणार होत्या. जमलं तर तवा तिचा, नाहीतर चेपामावशी तो दुसऱ्या कुणाला देणार होती.

"ही पण रिकामी," एका मंगळवारी नोएमी रडकुंडीला आली.

"रिकामी पुपुसा म्हणजे टॉर्टिया. मला आवडते."

"खोटारडे!"

"तुमच्या हातची आवडते…" तो बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले. नोएमीला हसू आवरेना. कित्येक महिन्यांनी ती अशी हसत होती.

शुक्रवारी सकाळी गाड्यापुढे गर्दी जमली. ओदिलियाबाई कागद घेऊन बसल्या आणि त्यांनी सगळ्यांना बजावलं, "कुणी अवाक्षर काढायचं नाही."

नोएमीने तवा तापवला, पीठ ओलं केलं, गोळा घेतला. गोळा निसटता निसटता सावरला. टाळ्या वाजवल्यासारखा थापला… आणि तशीच ती तव्याकडे वळली. सारण राहिलंय, हे विल्फ्रेदोने पाहिलं. ओरडू का? त्याने ओठ घट्ट मिटले.

तव्यावर हात थांबला. नोएमीने तळव्यावरच्या चकतीकडे पाहिलं.

"अगं बाई, आत काय भरलंय मी? हवा?"

गर्दीत हशा पिकला. तिने राजमा भरला, चीज ठेवलं, कडा मिटल्या, पुन्हा थापलं. वेळ लागला, पण पुपुसा तव्यावर टम्म फुगली.

ओदिलियाबाईंनी पेनाला टोपण लावलं. "हात अजून मंदच आहे. असू दे. चूक झाली तुझी, पण तुझी तूच पकडलीस, तूच सुधारलीस. मी तेच बघायला आले होते. मावशी, तवा हिचा!"

चेपामावशी तर रडायलाच लागली. विल्फ्रेदो पुढे आला.

"मघाशी बोलला का नाहीत?" नोएमीने विचारलं.

"बोललो असतो तर तवा गेला असता तुमचा. जीव जात होता माझा, पण—"

"बरं, ऐका. आधी गिऱ्हाईक उरकते. मग गाडा बंद करते. मग एप्रन काढून तुमच्याबरोबर चौकात फिरायला येते. क्रम बरोबर आहे?"

"मधलं एक राहिलं."

"काय?"

"मला तुम्ही फार आवडता, हे मी सांगायचं."

"मग सांगा की!"

सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत त्याने सांगितलं. नोएमीने पिठाने माखलेला आपला उजवा हात पुढे केला, आणि सावकाश, एकेक बोट मिटत, त्याचा हात घट्ट धरला.