लाटणं, डोळा आणि कुल्फी

“बसून कोणी टेबल टेनिस खेळते का?”

हे मी मनातच म्हणायला हवं होतं. पण माझं तोंड माझं ऐकत असतं तर आणखी काय हवं होतं! भंडाऱ्याच्या बस स्टँडसमोर उभी होते. तुमसरची बस डोळ्यांदेखत सुटलेली, म्हणजे मोहाडीला घरी जायला आता तासभर थांबणं आलं... आणि समोरच्या नव्या गेम पार्लरच्या काचेआड एक मुलगा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रेलून, हातातली पांढरी काठी नुसती झटकत, टीव्हीवर मॅच जिंकत होता. मी कॉलेजच्या टीममधली. मला राहवलंच नाही. दार ढकललं आणि बोलून मोकळी झाले.

तो दचकून उभा राहिला. खिशाला एक पेन, कानामागे दुसरा.

“मी खेळून नाही राहिलो,” तो म्हणाला. “तपासून राहिलो.”

“काय?”

“कोणती मशीन खरी आहे, ते.”

नाव अंकुश. नागपूरच्या डीलरनं त्याला आठवड्यासाठी तीन मशीन दिल्या होत्या. एक ठेवायची, दोन परत. पहिलीची ती पांढरी काठी. दुसरीच्या काठीला वर चमकणारा रंगीत गोळा. तिसरीत हातात काहीच नाही, टीव्हीखालचा कॅमेराच आपल्याला बघणार. मी तिथल्या तिथे बारसं केलं – लाटणं, कुल्फी, डोळा.

तो हसला. मग जरा चाचरत म्हणाला, “खरं खेळणारं कोणी भेटूनच नाही राहिलं. तुम्ही... रोज येत जाल का? बस लागेपर्यंत?”

“माझी विद्यापीठाची निवड आहे नऊ दिवसांनी. मले टाइम कुठे आहे?”

दुसऱ्या दिवशी मी बरोबर चारला हजर.

लाटण्यावर मी जीव तोडून स्मॅश मारायचे, अंकुश बसल्या बसल्या मनगट झटकायचा, आणि पॉइंट दोघांनाही सारखाच! “अन्याय आहे हा,” मी ओरडायचे. डोळ्याची तर आणखी मजा. मी बॉल मारून, घाम पुसून मोकळी झाले की मग कुठे पडद्यावरची बाई हात उचलायची.

“नवी नवरी दिसते,” मी म्हटलं. “सासूले विचारून हात हलवते.”

मी वाकून धानाची रोवणी करून दाखवली, तर बाईचे पाय कमरेतच गुंतले. अंकुशनं वही उघडून गंभीरपणे लिहिलं – “डोळा. धान लावता येत नाही.” मला इतकं हसू आलं की टपरीवरून आणलेला चहा सांडला.

कुल्फी मात्र खरी. बॅट जराशी तिरपी केली की पडद्यावरची बॅट तेवढीच तिरपी. कुल्फी हातात घेतली की मला भीती वाटायची. कारण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती.

माझं उजवं मनगट गेलं होतं.

यंदा रोवणीला बायाच मिळाल्या नाहीत. आईची कंबर धरलेली. मग बारा दिवस मीच धानाच्या बांधीत उतरले, चिखलातून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटत, पेंढ्या बांधत. खेळाडू आहे म्हणून बांधावर बसू का? आमच्याकडे रोवणीत घरातली पोर बसत नाही. तेव्हापासून अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची. आईला सांगितलं तर ती स्वतःला बोल लावणार. टीमचे कोच देवाजी सर, त्यांना सांगितलं तर यादीतून नाव कटणार. दोन वर्षं ज्या यादीसाठी घालवली, ती यादी! म्हणून मी बॅकहँड मनगटाऐवजी कोपरातून मारत होते. सरांनाही कळलं नव्हतं.

सहाव्या दिवशी अंकुशनं कुल्फी बंद केली.

“रीना... मनगट दुखते ना तुमचं?”

मी हात पाठीमागे घेतला. “कोण म्हणते?”

तो खाली बघत म्हणाला, “मशीन.”

“मग मशीन खोटी आहे तुमची!”

“दवाखान्यात दाखवा.”

“तुम्ही कोण मले सांगणारे?”

“कोणीच नाही,” तो हळूच म्हणाला. “तरी दाखवा.”

मी दार आपटून निघाले. बसमध्ये मोहाडीपर्यंत रडले. मग वाटलं, एका खेळण्याला जे कळतं ते मी किती दिवस लपवणार? रात्री आईला सगळं सांगितलं. “अव माय, एका शब्दानं नाही बोललीस!” म्हणत तिनं माझा हात मांडीवर घेतला.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे बॅट धरायची नाही. आता खेळलीस तर वर्षभर बसशील. देवाजी सर आधी खूप रागावले, नंतर म्हणाले, “पुढच्या वर्षीची निवड कुठे पळून जात नाही. पण लपवू नको पोरी.” नाव कटलं ते कटलंच. खूप वाईट वाटलं. पण रात्री कळ न येता झोप लागली, किती दिवसांनी!

निवडीच्या दिवशी, हाताला पट्टा बांधून, मी पार्लरमध्ये गेले. अंकुश मागे कसलीशी वायर जोडत होता. टीव्हीखाली लाटणं होतं. कुल्फी आणि डोळा परत गेलेले. काउंटरवर वही उघडीच पडलेली. मी वाचली.

“कुल्फी. सर्वांत अचूक. पण मनगट न वळवता कोपरातून मारलं तरी बॅकहँडचा पूर्ण पॉइंट देते. फसते.”

“अंकुश!”

तो वायरीसकट बाहेर आला.

“मशीन तर फसली होती. मग तुम्हाले कसं समजलं?”

त्याचे कान लाल झाले. “चहाचा ग्लास तुम्ही डाव्या हातानं उचलत होत्या. दार खांद्यानं ढकलत होत्या. हसताना टाळी द्यायले हात पुढे करायच्या... अन् मागे घ्यायच्या.” त्यानं वायर खाली ठेवली. “मी मशीनकडे पाहूनच नव्हतो राहिलो. सहा दिवस.”

मी टीव्हीखालच्या लाटण्याकडे बोट दाखवलं. विचारलं, “मग सर्वांत खोटी मशीन काहून ठेवली?”

त्यानं आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली. “लाटणं बसून खेळता येते. डाव्या हातानं बी. हात बरा होईपर्यंत... तुम्ही याल, असं वाटलं.”

“अन् हात बरा झाल्यावर?”

“तेव्हाचं तुम्ही सांगा.”

“तेव्हा खरं टेबल आणायचं,” मी म्हटलं, “अन् तुम्ही उभं राहून माझ्याशी हारायचं. रोज. मले आवडता तुम्ही, समजलं?”

बाहेर तुमसरची बस लागली. हॉर्नही वाजला. अंकुशनं माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत बसले आणि डावा हात पुढे केला.

“द्या ते लाटणं. पुढची बस सव्वा सहाची आहे.”